शंभर टक्के चालू

"हा दिवा हिरवा हाये म्हंजे माहा माणूस जिता हाये. हाये ना, टेंभुर्णेभाऊ?"

अनुसयाबाई सकाळपासून तेच विचारत होती आणि मी सकाळपासून तेच टाळत होतो. कंट्रोल रूममध्ये माझ्या खुर्चीशेजारी तिनं आदल्या दिवशीच लोखंडी स्टूल ओढून घेतलं होतं आणि तेव्हापासून पडद्यावरच्या एका ठिपक्यावर नजर लावून ती बसली होती. खाणीत जागोजागी बसवलेल्या यंत्रांचे ठिपके त्या पडद्यावर दिसायचे. आदल्या सकाळी छत कोसळलं तेव्हापासून एक सोडून सगळे लाल झाले होते. हिरवा राहिलेला तो एकच, पंपघरातला. आणि तिचा नवरा दौलत नागोसे त्याच पंपघरात ड्यूटीवर होता.

पिंपळझरीची खाण म्हणजे तशीही मरायला टेकलेली म्हातारीच. कोळसा काढणं केव्हाच बंद झालेलं. शेजारच्या खाणीत पाणी जाऊ नये म्हणून खाली पंप तेवढा चालू ठेवायचा, त्यासाठी एक पंपखलाशी खाली उतरायचा आणि वर पडद्यापुढे मी बसायचो. छत पडलं, मागोमाग जुन्या कोळशानं आग धरली आणि खाणीत जायच्या उताराच्या तोंडातून धूर यायला लागला. खालचा टेलिफोन मेला. पंपघरातल्या त्या यंत्राच्या डब्याची केबल मात्र पाइपाबरोबर वेगळ्या बोअरमधून वर आलेली होती, म्हणून ती वाचली. डब्याला बॅटरीही होती.

"बाई," मी शेवटी म्हटलं, "तो दिवा डब्याचा आहे. दौलतभाऊचा नाही."

"डबा त्याइच्या डोस्क्यावरच टांगला हाये. मले सांगत होते ते."

"असेल. पण डबा जिवंत म्हणजे माणूस जिवंत, असं नसतं ना."

"मंग दिवा कसा हाये म्हून सांगते? कोन सांगते त्याले?"

मला चिडायला फार लागत नाही. पण तिच्यावर चिडणार कुठल्या तोंडानं? मी तिला समजावून सांगू लागलो. हे सॉफ्टवेअर दर मिनिटाला खालच्या डब्याला हाक मारतं. आहेस का? डबा म्हणतो, आहे. झालं, मिनिट चालू धरलं. महिनाअखेर चालू मिनिटांना एकूण मिनिटांनी भागायचं आणि टक्के काढायचे. तेच टक्के वरच्या ऑफिसात जातात.

"आन् डबा बोल्लाच नाही तं?"

"लगेच नाही मानत. लाइन आहे, कधी अडखळते. एक हाक चुकली तर सोडून देतं, दुसरी चुकली तरी सोडून देतं. लागोपाठ तीन चुकल्या, की मग बंद म्हणतं आणि दिवा लाल करतं."

"म्हंजे दोन डाव गप राह्यलं, तरी शंभरच टक्के?"

"शंभरच."

ती पुन्हा ठिपक्याकडे बघायला लागली. ठिपक्याखाली लिहिलेलं होतं, १००.

तेवढ्यात मॅनेजर राजूरकर साहेब आले. दोन दिवसांची दाढी, शर्ट कोळशानं माखलेला. माणूस वाईट नव्हता. पण टक्केवारीचं भूत त्याच्या मानगुटीवर असं बसलेलं, की घरी भाजीत मीठ किती पडलं तेही बायकोला टक्क्यांत सांगत असेल, असं आम्ही म्हणायचो. अनुसयाबाईला बघून ते दारातच थबकले. मग मला खुणेनं बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"टेंभुर्णे, वरून ऑर्डर आलीय. बारा वाजता भिंत."

"कसली भिंत?"

"कसली काय विचारतोस? तुला माहीत नाही? तोंड बांधायचं. आतली हवा तोडल्याशिवाय आग विझत नाही. हवेचे नमुने बघितले का तू? त्या हवेत पाच मिनिटंसुद्धा माणूस जगत नाही, आणि कालची सकाळ उलटून किती वेळ झाला!"

"पण साहेब, बचाव पथक..."

"पथक घेऊन वाढई दोनदा आत जाऊन परत आला. तिसऱ्यांदा पाठवू? आणखी चार बायका तुझ्या शेजारी आणून बसवू?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मलाही झोप नाही रे. पण गेलेल्या माणसासाठी असलेली माणसं घालवायची नसतात."

बोलणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत. मी मान खाली घातली. ते जायला निघाले, आणि परत वळले.

"आणि ऐक. तो हिरवा डबा बारा वाजल्यापासून देखभालीत टाक."

देखभालीत टाकणं म्हणजे काय, ते सांगतो. एखादं यंत्र आपण होऊन बंद करायचं असलं, की सॉफ्टवेअरला आधी कळवायचं. मग तेवढी मिनिटं ते हिशेबातच धरत नाही. चालूत नाही आणि बंदमध्येही नाही. ती वेळ झालीच नाही असं मानतं आणि उरलेल्या मिनिटांचे टक्के काढतं. दिवाही विझतो, ठिपका राखाडी होतो.

तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, माणूस आत असताना भिंत बांधायची आणि वर टक्के शंभर ठेवायचे?"

"आग केबलपर्यंत पोचली की तो दिवा लाल होणारच. त्या बाईच्या डोळ्यांसमोर व्हायला पाहिजे का? त्यापेक्षा राखाडी बरा. सांग तिला, यंत्र बंद केलं म्हणून."

आता मला कळेना, हा माणूस टक्के सांभाळतोय की बाईला. कदाचित त्यालाही कळत नसावं. मी आत आलो, खुर्चीत बसलो आणि त्या डब्याचं पान उघडलं. देखभालीचं बटण त्याच पानावर असतं, आणि बटणाखाली हाकांची कच्ची नोंद असते. रोज कोण बघतं ती? वर शंभर दिसलं, की खाली कोणी जात नाही. मीही गेलो नसतो. पण हात बटणावर जाईना म्हणून नुसता माउस फिरवत राहिलो आणि पान खाली सरकलं.

आहे. आहे. आहे. नाही. नाही. आहे. आहे. आहे. नाही. नाही.

आधी वाटलं, लाइन अडखळतेय. आणखी खाली गेलो. तेच. तीन वेळा आहे, दोन वेळा नाही. परत तीन, परत दोन. तीन ‘आहे’चे एकदाही चार झाले नव्हते की दोन. छत पडल्यापासून दुपारपर्यंत सगळं सलग आहे, आहे. दुपार टळल्यापासून हे सुरू झालेलं, ते या मिनिटापर्यंत. लागोपाठ तीन चुकत नव्हत्या, म्हणून सॉफ्टवेअरच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

ते तीन बघून मी माउस सोडला. कारण मी खाणवस्तीत वाढलेला पोर. माझे बाबा उताराच्या तोंडाशी दोराच्या गाड्या ओढणाऱ्या यंत्रावर होते. खालून तार ओढली, की वर घंटा वाजायची. एक वाजली तर थांब. दोन वाजल्या तर खाली सोड. तीन वाजल्या, की बाबांचा चेहरा बदलायचा, विडी टाकून दोन्ही हातांनी लिव्हर धरायचे. तीन म्हणजे गाडीत कोळसा नाही. माणूस आहे, जपून ओढ.

"काय झालं, भाऊ? तोंड काऊन असं केलं?" अनुसयाबाई उठून उभी राहिली होती.

मी तिला दाखवलं. बाई शाळेत गेलेली नव्हती, पण नवरा, सासरा, बाप, सगळे खाणीतले. मी बोटानं दाखवत मोठ्यानं वाचत गेलो. तिसऱ्यांदा तीन आले तसा तिनं तोंडावर पदर दाबला.

"माणूस हाये म्हून सांगून राह्यले ते," ती म्हणाली. "मी म्हनलं होतं तुमाले!"

आणि मी काही म्हणायच्या आत ती बाहेर पळाली.

मी पडद्याचा फोटो मोबाइलवर काढून तिच्यामागे धावलो. उताराच्या तोंडाशी पोचलो तेव्हा गवंड्यांनी विटांचा पहिला थर लावला होता आणि अनुसयाबाई त्या थरावर बसली होती. दोन बायका तिला उठवत होत्या, ती उठत नव्हती.

"लावा विटा! मले मधात घेऊन लावा! माहा माणूस घंटा देऊन राह्यला आन् तुमी भित बांधून राह्यले!"

राजूरकर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मोबाइल पुढे केला. त्यांनी बघितलं, परत बघितलं.

"लूज कनेक्शन आहे."

"लूज कनेक्शन तीन आणि दोन मोजतं का, साहेब?"

"वरती शंभर टक्के दिसतंय. सॉफ्टवेअर म्हणतंय बिघाड नाही आणि तू म्हणतोस माणूस आहे?"

"सॉफ्टवेअरला सांगितलंय तेवढंच ते बघतं. दोन चुका सोडून दे असं आपणच त्याला सांगितलं."

"आणि समजा वाढईला पाठवलं आणि तो परत नाही आला, तर? तू जाशील त्याच्या घरी सांगायला?"

उत्तर वाढईनंच दिलं. बचाव पथकाचा तो प्रमुख, अंगानं आडवा आणि बोलायला कंजूस. विटांच्या ढिगावर बसून तो गुटखा चघळत होता. त्यानं माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि ओठ हलवत ते वाचलं. त्याचा बापही खाणीतलाच. गुटखा त्यानं थुंकून टाकला.

"तीन घंटा देल्ल्यावर दोर वढा लागते, साहेब," तो म्हणाला. "आतापावतर कोनं नाही म्हटलं नाही. मी म्हनलो तं बुढा स्वर्गातून खाली येऊन चपलेनं हानंन मले."

राजूरकर साहेब कपाळावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "एक फेरी. सिलिंडर अर्धा झाला की जिथं असाल तिथून परत. आणि माझं नाव लिहा. ऑर्डर मोडली ती मी मोडली."

मी आणि अनुसयाबाई परत पडद्यापुढे येऊन बसलो. बाहेर रणरणतं ऊन, बाराचा सुमार. इतकी माणसं तोंडाशी जमली होती, पण आवाज म्हणून नाही. मी डब्याचं पान उघडंच ठेवलं. दर मिनिटाला एक शब्द उमटायचा. आहे. आहे. आहे. नाही. दुसरा ‘नाही’ उमटला की जीव टांगणीला लागायचा. तिसराही नाही आला तर? पण तसं होत नव्हतं. बरोबर दोन मिनिटांनी परत आहे.

"लहानपनापासूनच तसे," ती मध्येच म्हणाली. "एक काम धरलं का सोडाचं नाही. लग्नात हळद लागली तरी बैलं पाजाले गेल्ते." आणि ती हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मलाही हसू आलं. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

मग ते बदललं. आहे, आहे, आहे. आणि आहे. परत आहे. ‘नाही’ आलंच नाही. सहा, सात, आठ. सलग.

"माणसं पोचली!" मी ओरडलो. "त्यानं घंटा सोडली, बाई! दिसली त्याला माणसं!"

तिनं हात जोडले आणि कपाळ टेबलावर टेकवलं. तिचे खांदे हलत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या आयुष्यात इतका आनंद मला पोरगी झाली तेव्हाच झाला होता.

बऱ्याच वेळानं तोंडाशी गलका झाला आणि टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला. वर आलेला वाढई होता. धापा टाकत होता.

"टेंभुर्णे, बाई जवळ हाये का?"

"आहे."

"मंग नुसता ऐक. हूं हूं कर. दौलतभाऊ गेला."

"हूं," मी म्हटलं.

"पंपाजवळ, भितीले पाठ लावून बसेल होता. हातपाय कडक. डॉक्टर म्हनते कालच, छत पडल्यावर तासाच्या आतच गेला असंन. हवाच तसी होती."

कालच्या सकाळी. आणि हाका अडखळायला लागल्या दुपारनंतर.

"आन् तो डबा," वाढईचा आवाज खाली आला, "उंच टांगला हाये. धुराचं पुट चढलं त्याच्यावर, बोट लागल्याची खूण नाही. केबल धड हाये. मी सोता हात लावून पाह्यलं. बापा, मले काई उमजत नाही."

"मग... कोण?"

"कोनी नाही तिथं. पन पंपघराच्या पल्याड, ढिगाच्या मांगून कोनीतरी वरडत होतं. फोडला ढीग. तिकडं धूर पोचला नव्हता. नथ्थू निंघाला. जिता."

नथ्थूला आमच्या भागात कोण ओळखत नव्हतं! तांब्याच्या तारा चोरणारा. जुन्या, बुजवलेल्या तोंडाची फट शोधून तो खाली उतरायचा आणि केबल कापून न्यायचा. दोनदा तुरुंगात जाऊन आलेला. पंपघरातून त्याला हुसकावता हुसकावता दौलतभाऊच्या नाकी नऊ आले होते. छत पडून त्याची परतीची वाट बुजली होती आणि तो खाली आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याचं टोकन नाही, हजेरी नाही, घरी वाट बघणारं कोणी नाही. भिंत झाली असती, तर तो आत होता हे कोणाला कधीच कळलं नसतं.

मी फोन ठेवला. सांगायला तोंड उघडलं, पण तिनंच हात वर केला.

"तुमचं हूं ऐकूनच समजलं," ती म्हणाली. आणि तिनं एवढा मोठा टाहो फोडला, की खिडकीच्या काचा थरथरल्या. मी तिला धरून बसलो. दुसरं काय करणार? पडद्यावर आहे, आहे, आहे चालूच होतं. मी पाठ फिरवून बसलो, कारण मला त्या पडद्याची भीती वाटायला लागली होती. खरं सांगतो, भरदिवसा, माणसांनी भरलेल्या आवारात, मला भीती वाटली.

आम्ही उताराच्या तोंडाशी पोचलो तेव्हा दोघांना वर आणलं होतं. एक स्ट्रेचर पांढऱ्या चादरीनं झाकलेलं होतं आणि दुसऱ्यावर नथ्थू होता. अनुसयाबाई चादरीजवळ बसली. चेहरा उघडून तिनं बघितला, हातानं काजळी पुसली. मग तिची नजर दुसऱ्या स्ट्रेचरकडे गेली. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "चोर तेवढा वाचला पाहा." ऐकून मलाही वाटलं, देवाचा न्यायही काय! असं वाटणं बरोबर नव्हतं, पण वाटलं.

ती उठून नथ्थूकडे गेली. आता ही त्याच्या थोबाडीत मारते, असं मला वाटलं.

"त्याइच्याजोळ होता का तू?" तिनं विचारलं.

नथ्थूच्या नाकावर मास्क होता. त्यानं तो बाजूला केला. डॉक्टर नको नको म्हणत होते.

"ढिगाच्या आल्याड मी, पल्याड दौलतभाऊ," तो म्हणाला. "दिसत नव्हता. बोलत होता. मी लय रडलो, वहिनी. मले वाटलं, मी खाली हाय हे कोनाले ठाऊकच नाही, मी तं असाच सडीन. तं दौलतभाऊ म्हने, चूप बस लेका, भेऊ नको. माणूस हाये म्हून मी वर सांगून राह्यलो."

"कधी बोलला?" राजूरकर साहेब पुढे झाले. "छत पडल्या पडल्या का?"

"नाही ना, साहेब. कालपासून. रातभर बोलला. आताही, वाढईभाऊची बत्ती दिसेपर्यंत."

साहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी जमिनीकडे बघितलं. वाढईनं डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिला.

अनुसयाबाईला मात्र यात काही नवल वाटलं नाही. ती खाली वाकली आणि हळूच म्हणाली, "माह्यासाठी काई बोल्ले का?"

नथ्थू आठवत राहिला. आठवताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बोलला. अखेरीले बोलला. म्हने, तू वर गेला का अनुसयेले सांगजो. कालपासून बसून हाये थे, स्टुलावर. पाठ धरली असंन तिची. आता काम झालं म्हना. घरी जाय म्हना."

ती तशीच वाकून उभी होती. मग तिनं घोंगडी नथ्थूच्या गळ्यापर्यंत ओढली, ती नीट खोचली आणि सरळ झाली.

"बरं," ती म्हणाली. आमच्यापैकी कोणालाच नाही. रोज ड्यूटीवर निघालेल्या नवऱ्याला दारातून म्हणायची, तसं. आणि कमरेला एक हात लावून घराच्या वाटेला लागली.